मॅक्लारेन एफ१ की बुगाटी ईबी११०? किमतीने दिलेला निवाडा

१/
इंग्लंडची मॅक्लारेन एफ१ आणि इटलीत घडलेली बुगाटी ईबी११०. दोन्ही गाड्या १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या. दोन्हींना बारा सिलिंडरांचे इंजिन, दोन्हींचा सांगाडा कार्बन फायबरचा, दोन्हींचा कमाल वेग ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास किंवा पुढे. एफ१ सर्व प्रकार मिळून १०६ तयार झाल्या. ईबी११० सुमारे १४०. दुर्मीळतेत फारसे अंतर नाही. तरीही आज लिलावात एफ१ला ईबी११०च्या कित्येक पट किंमत मिळते. असे का, एवढाच प्रश्न या धाग्यात घेतला आहे.

२/
आमच्या लहानपणी सुट्टीत ट्रम्प कार्डांचा खेळ चाले. पत्त्यावर गाडीचे चित्र आणि खाली आकडे: कमाल वेग, अश्वशक्ती, वजन. ज्याचा आकडा मोठा, त्याने समोरच्याचा पत्ता उचलायचा. पुढे इतिहासाची गोडी लागली तेव्हा जाणवले की आपण इतिहासही पुष्कळदा याच रीतीने वाचतो. कोणाचे सैन्य मोठे, कोणाचा खजिना भरलेला, दोघांत श्रेष्ठ कोण. या दोन गाड्यांच्या नादी मी लागलो तो त्या सवयीचे नेमके काय होते हे तपासण्यासाठी. यांपैकी एकही गाडी मी चालवलेली नाही. मी त्यांच्याकडे पाहतो तो इतिहासाचा वाचक म्हणून.

३/
एक खुलासा आधीच करतो. ‘हायपरकार’ हा शब्द त्या काळी रूढ नव्हता. तेव्हा अशा गाड्यांना सुपरकारच म्हणत. नंतर वेग आणि किंमत दोन्ही आणखी चढत गेल्या, नवा शब्द प्रचारात आला आणि मागे वळून तो या दोघींनाही लावला गेला. नाव मागाहून मिळणे हे इतिहासात नेहमीचेच आहे.

४/
आता पार्श्वभूमी. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये पैसा मुबलक होता. १४ ऑगस्ट १९८८ रोजी एन्झो फेरारी वारले आणि फेरारीच्या गाड्यांचे भाव गगनाला भिडले. फेरारी एफ४० ही नवी गाडी ताब्यात मिळताच मूळ किमतीच्या कित्येक पटींनी पुन्हा विकली जाऊ लागली. गाडी ही चालवण्याची वस्तू न राहता गुंतवणुकीची वस्तू झाली. १९९० च्या सुमारास हा फुगा फुटला आणि पाठोपाठ मंदी आली. आपल्या दोन्ही गाड्या भरभराटीच्या काळात सुचल्या आणि पडत्या काळात जन्मल्या. पुढचे बरेचसे भोग या एका गोष्टीतून आले.

५/
एफ१ची कल्पना एका पराभवानंतर पक्की झाली. १९८८ च्या फॉर्म्युला वन हंगामात मॅक्लारेनने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. हुकलेली एकमेव शर्यत इटलीत मॉन्झा येथे झाली. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना आयर्टन सेना एका मागे पडलेल्या गाडीवर आदळला, आणि एन्झोंच्या निधनानंतर महिन्याभरातच फेरारीने घरच्या मैदानावर पहिले दोन क्रमांक पटकावले. परतीच्या वाटेवर मिलानच्या लिनाते विमानतळावर उशीर झालेल्या विमानाची वाट पाहत बसलेल्या रॉन डेनिस, मन्सूर ओजे, क्रेटन ब्राउन आणि गॉर्डन मरे यांच्या बोलण्यातून रस्त्यावर चालणारी गाडी करण्याचा विचार पुढे आला.

६/
गॉर्डन मरे हे दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे जन्मलेले अभियंते. वजनाशी त्यांचे उभ्या आयुष्याचे वैर. त्यांच्या गाडीत चालक मध्यभागी बसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, दोन प्रवासी. पॉवर स्टिअरिंग नाही, चाके लॉक होऊ नयेत म्हणून लागणारी एबीएस यंत्रणा नाही, घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक मदत नाही. चालक आणि रस्ता यांच्यामध्ये कोणी दुभाषी नको, हा त्यांचा आग्रह. गाडीचे वजन भरले ११३८ किलो. रोजच्या वापरातील साध्या कुटुंबाच्या गाडीइतकेच!

७/
इंजिनसाठी मरे यांनी प्रथम होंडाकडे विचारणा केली. होंडाची एनएसएक्स ही गाडी त्यांना फार आवडत असे. सहज चालवता येण्याचा आदर्श म्हणून ती त्यांच्यासमोर होती. होंडाने नकार दिला. मग बीएमडब्ल्यूचे पॉल रोश पुढे आले. हा जुना ऋणानुबंध होता: १९८३ मध्ये नेल्सन पिके ज्या ब्राबम गाडीतून विश्वविजेता झाला, ती गाडी मरे यांची आणि तिचे टर्बो इंजिन रोश यांचे. या वेळी मात्र मरे यांना टर्बो नको होता. पाय दाबताच, क्षणाचाही विलंब न लागता, इंजिनाने उत्तर दिले पाहिजे. रोश यांनी ६.१ लिटरचे, ६२७ अश्वशक्तीचे इंजिन दिले. त्याची उष्णता परतवण्यासाठी इंजिनकक्षाला आतून सोन्याचा वर्ख लावला गेला. सोन्याइतके उष्णता परावर्तित करणारे दुसरे काही सोयीचे नव्हते, म्हणून सोने.

८/
आता आल्प्सच्या दक्षिणेला जाऊ. रोमानो आर्तिओली हे इटलीतील फेरारीचे मोठे विक्रेते, आणि बुगाटी या नावाचे निस्सीम भक्त. एत्तोरे बुगाटी यांचा जन्म १८८१ मध्ये मिलानचा. त्यांचा कारखाना आल्सासमधील मोल्सहाइम येथे होता. १९४७ मध्ये एत्तोरे गेले आणि पुढच्या काही वर्षांत गाड्यांची निर्मितीही थांबली. तेव्हापासून निजलेले ते नाव आर्तिओलींनी १९८७ मध्ये मिळवले. मॅक्लारेनकडे शर्यतींचा ताजा अनुभव होता. आर्तिओलींकडे एक स्मृती होती, आणि तिच्याभोवती सारे काही शून्यातून उभारायचे होते.

९/
कारखाना त्यांनी मोल्सहाइमला उभारला नाही. मोदेनाजवळच्या कांपोगाल्यानो गावी, महामार्गावरून दिसेल अशा जागी, तो उभा राहिला. फेरारी, लँबोर्गिनी आणि मासेराटी यांच्या या प्रदेशात कुशल कारागीर हाताशी होते. वास्तुरचनाकार जांपाओलो बेनेदिनी यांची ही निळी-पांढरी वास्तू ‘निळा कारखाना’ म्हणून ओळखली गेली. भरपूर उजेड, स्वच्छ मोकळी दालने, कामगारांच्या सोयींचा बारकाईने केलेला विचार. कारखान्यांची छायाचित्रे पाहून सहसा कोणी हळवे होत नाही. ही पाहताना मी झालो, कारण पुढे काय होणार हे मला ठाऊक होते.

१०/
१५ सप्टेंबर १९९१. एत्तोरेंचा ११० वा जन्मदिन. गाडीच्या नावातील आद्याक्षरे त्यांची, आकडा त्यांच्या वयाचा. पॅरिसमध्ये ला देफाँसच्या भव्य कमानीपाशी ईबी११०चे अनावरण झाले. इंजिन अवघे ३.५ लिटरचे, पण त्यात प्रत्येक सिलिंडरला पाच याप्रमाणे ६० व्हॉल्व्ह आणि एक-दोन नव्हे, तब्बल चार टर्बो. शक्ती चारही चाकांना. कार्बनचा सांगाडा विमाने आणि अग्निबाण बनवणाऱ्या एरोस्पासियाल या फ्रेंच कंपनीकडून घडवून घेतलेला. साध्या जीटी प्रकारात सुमारे ५६० अश्वशक्ती, तर अधिक हलक्या सुपर स्पोर्ट प्रकारात ६०० हून अधिक.

११/
इथे थोडे थांबू. ‘कार्बन फायबर मोनोकॉक असलेली रस्त्यावरची पहिली गाडी’ हा मान बहुतेक ठिकाणी एफ१ला दिलेला आढळतो. एफ१चे अनावरण मे १९९२ मध्ये मोनाकोत झाले. कार्बनच्या सांगाड्याची ईबी११० त्याआधी लोकांसमोर आलेली होती आणि ग्राहकांच्या हातीही आधी पडली. मोनोकॉकची काटेकोर व्याख्या करून हा वाद घालता येईल. मला कुतूहल वाटते ते वेगळ्या गोष्टीचे: जी गाडी पुढे जिंकली, तिच्याकडे ‘पहिली’ हा मानही आपोआप चालत गेला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने असा मान दिसला की तारखा स्वतः पडताळून पाहाव्यात.

१२/
आता ट्रम्प कार्डे मांडू.
वजन: एफ१ ११३८ किलो, ईबी११० जीटी दीड टनाहून अधिक, सुपर स्पोर्ट १४०० किलोच्या थोडे वर.
प्रवेग: १९९४ च्या ब्रिटिश चाचणीत एफ१ने शून्य ते ताशी ६० मैल (सुमारे ९७ किलोमीटर) हा टप्पा ३.२ सेकंदांत गाठला. सुपर स्पोर्टसाठी बुगाटीचा दावा शून्य ते १०० किलोमीटर ३.२६ सेकंदांचा. म्हणजे जवळपास बरोबरी.
कमाल वेग: सुपर स्पोर्ट ताशी ३५१ किलोमीटर. एफ१ने १९९८ मध्ये, इंजिनाच्या फेऱ्यांवरची मर्यादा वाढवून, ताशी ३८६.४ किलोमीटर.
पत्ता एफ१ने उचलला.

१३/
पण पत्त्यावर न लिहिलेलेही काही असते. प्रवेगाचे आकडे जवळजवळ सारखे, तरी त्यांच्यामागची वाट वेगळी. एफ१ झेपावते ती हलकेपणामुळे. ईबी११० झेपावते ती चारही चाकांनी रस्ता घट्ट पकडल्यामुळे. सुमारे २७ टक्के बळ पुढच्या चाकांना, ७३ टक्के मागच्यांना. कोरड्या, सरळ, लांब रस्त्यावर एफ१ला तोड नाही. पावसाळी घाटरस्त्यावर, बेताचे कौशल्य असलेल्या चालकाच्या हाती द्यायची गाडी निवडायला सांगितली, तर मी क्षणाचाही विचार न करता बुगाटीची चावी देईन. ‘श्रेष्ठ कोण’ या प्रश्नाला ‘कुठे’ आणि ‘कोणाच्या हातात’ हे दोन उपप्रश्न जोडल्याशिवाय अर्थ येत नाही.

१४/
दोघींच्या वाटा जिथे कायमच्या फुटल्या ते ठिकाण म्हणजे फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांची शर्यत. १९९४ मध्ये एकच ईबी११० तिथे उतरली. टर्बोच्या तक्रारी सोसत ती चालत राहिली आणि शेवटच्या तासाभरात अपघात होऊन बाद झाली. तेवीस तास धावून यादीत नाव लागले नाही.

१५/
पुढच्याच वर्षी, जून १९९५ मध्ये, एफ१ जीटीआर उतरल्या. मरे यांनी ही गाडी शर्यतीसाठी आखलेलीच नव्हती. काही ग्राहकांनी हट्ट धरला म्हणून शर्यतीचा अवतार तयार झाला. नियमांमुळे तिची शक्ती रस्त्यावरच्या गाडीपेक्षाही थोडी कमी होती. पावसाने झोडपलेल्या त्या शर्यतीत यानिक दालमास, जे. जे. लेहतो आणि मासानोरी सेकिया यांच्या एफ१ने, केवळ शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्यांना मागे टाकून, पहिला क्रमांक मिळवला. तिसरा, चौथा आणि पाचवा क्रमांकही एफ१चाच. दुसऱ्या क्रमांकाच्या कुराज गाडीतील तिघा चालकांपैकी एक होते एरिक एलारी. आदल्या वर्षी त्या दुर्दैवी बुगाटीच्या चालकांतही ते होते.

१६/
त्याच १९९५ च्या सप्टेंबरात निळ्या कारखान्याचे दिवाळे वाजले. मंदीत गिऱ्हाइके आटली होती. त्यातच आर्तिओलींनी १९९३ मध्ये ब्रिटनची लोटस कंपनीही विकत घेऊन ओझे वाढवले होते. लोटसच्या ‘एलिझ’ या गाजलेल्या गाडीला त्यांच्या नातीचे, एलिसाचे, नाव मिळाले. कंपनी मात्र त्यांच्या हाती राहिली नाही. कांपोगाल्यानोची दालने रिकामी झाली. त्यानंतर कित्येक वर्षे एक राखणदार त्या ओस वास्तूची निगा राखत राहिला. अनावरणापासून दिवाळखोरीपर्यंत जेमतेम चार वर्षे.

१७/
तर मग मॅक्लारेनने बाजी मारली? व्यापारात नाही. सुमारे ३०० एफ१ विकण्याचा बेत होता. शर्यतीच्या गाड्या आणि नमुने धरूनही १०६ वर थांबावे लागले. रस्त्यावरच्या साध्या गाड्या तर अवघ्या ६४. आज जिला आपण ‘दुर्मीळता’ म्हणून गौरवतो, ती त्या वेळी न झालेली विक्री होती. दोन्ही गाड्यांची दुर्मीळता त्यांच्या निर्मात्यांनी मागितलेली नव्हती. संग्राहकांच्या बाजारातला हा विरोधाभास मला फार बोलका वाटतो.

१८/
आता भाव पाहू. ऑक्टोबर २००८ मध्ये, जग आर्थिक संकटात असताना, लंडनच्या लिलावात एक एफ१ सुमारे २५ लाख पौंडांना गेली. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात दुसरी एक १ कोटी ५६ लाख डॉलरना. ऑगस्ट २०२१ मध्ये, जेमतेम ३९० किलोमीटर चाललेली एक एफ१, २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलरना! ईबी११० दीर्घकाळ उपेक्षित राहिली. अलीकडे सुपर स्पोर्ट प्रकाराने २० लाख युरोंची पातळी ओलांडली आहे. चढण दोघींनी चढली, पण अंतर मिटले नाही.

१९/
हे अंतर वेगाच्या फरकाने भरून निघत नाही. ताशी ३५ किलोमीटर जास्त वेगासाठी कोणी कोट्यवधी डॉलर मोजत नाही. तो वेग कोणी वापरतही नाही. दुर्मीळतेनेही उत्तर मिळत नाही. मला तीन कारणे दिसतात.

२०/
पहिले, साक्ष. ल माँचा विजय हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर घडला आणि नोंदला गेला. प्रत्येक एफ१, घरात झाकून ठेवलेली असली तरी, त्या विजयाची नातेवाईक ठरते.
दुसरे, सांभाळ. मॅक्लारेन कंपनी टिकली आणि तिने या गाड्यांची देखभाल चालू ठेवली. विशिष्ट जुन्या कॉम्पॅक लॅपटॉपवाचून त्यांची तपासणी होत नसे, म्हणून ते लॅपटॉपही जपले गेले. ईबी११० मात्र पोरकी झाली. सुटे भाग आणि कागदपत्रे इतरांच्या हाती गेली आणि पुढची वर्षे मोजक्या जाणकारांच्या भरवशावर निघाली.
तिसरे, कर्ता. एफ१ म्हटले की मरे हे एकच नाव समोर येते. ईबी११०वर पाओलो स्तान्झानी, मार्चेल्लो गांदिनी, निकोला मातेराझ्झी, बेनेदिनी अशा अनेकांचे हात फिरले. एका माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते आणि सोपी गोष्ट दूरवर पोहोचते.

२१/
ही तीन कारणे पुन्हा वाचा. यांतले एकही गाडीच्या यंत्रात नाही. साक्षीदार, दप्तर आणि आख्यान: कोणत्या राजघराण्याची स्मृती टिकली आणि कोणाची बुजली, याची कारणे शोधताना आपण हेच तर चाळतो. लिलावातली किंमत म्हणजे स्मृती किती नीट जपली गेली याचे मोजमाप आहे. कर्तृत्वाचे मोजमाप म्हणून ती वाचली की चूक सुरू होते.

२२/
कारण प्रभावाचा हिशेब मांडला तर पारडे फिरते. १९९८ मध्ये फोक्सवॅगनने बुगाटीचे नाव विकत घेतले. २००५ मध्ये व्हेरॉन आली: कार्बनचा सांगाडा, चारही चाकांना शक्ती आणि चार टर्बो. इंजिन सोळा सिलिंडरांचे झाले, शक्ती १००१ अश्वशक्तीवर गेली, ताशी ४०० किलोमीटरची वेस ओलांडली गेली. पण सूत्र कांपोगाल्यानोचेच. पुढच्या हायपरकारांच्या पिढ्यांत टर्बो, चारचाकी शक्ती आणि इलेक्ट्रॉनिक मदत सर्रास आली. चालक मध्यभागी, टर्बो नाही, मदत नाही, या एफ१च्या वाटेने फार थोडे गेले. स्वतः मरे २०२० मध्ये टी.५० ही १०० गाड्यांपुरती मर्यादित निर्मिती घेऊन त्या वाटेवर परतले: तीच तीन आसने, तोच टर्बोविरहित व्ही१२, वजन हजार किलोच्या आत.

२३/
एक योगायोग सांगायला हवा. १९९८ मध्ये एफ१ने जिथे तो विक्रम केला, ती जर्मनीतील एरा-लेसिनची धावपट्टी फोक्सवॅगनच्या मालकीची. त्याच वर्षी फोक्सवॅगनने बुगाटी घेतली, आणि पुढे व्हेरॉनने आपला ताशी ४०० च्या वरचा वेग त्याच धावपट्टीवर सिद्ध केला. ईबी११०च्या वारसदाराने एफ१ला तिच्याच विक्रमाच्या जागी मागे टाकले. तोवर निळा कारखाना बंद पडून दहा वर्षे झाली होती.

२४/
२०१९ मध्ये बुगाटीने ईबी११०च्या गौरवार्थ ‘चेंतोदिएची’ ही गाडी जाहीर केली. या इटालियन शब्दाचा अर्थच ‘एकशे दहा’. संख्या दहा, किंमत प्रत्येकी ८० लाख युरो, कर वेगळे. त्या सुमारास जी मूळ सुपर स्पोर्ट गाडी वीस-पंचवीस लाखांत मिळे, तिच्या स्मारकाला तिच्या तिप्पट-चौपट भाव. आर्तिओलींच्या कामगारांना दिवाळखोरीच्या दिवशी हे सांगितले असते तर त्यांनी काय म्हटले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

२५/
तर माझा निष्कर्ष असा. चालवण्याच्या शुद्ध आनंदासाठी आणि संग्रहातील मानासाठी एफ१. तिचा मान खराच कमावलेला आहे. पण आजच्या हायपरकारांचा वंशवृक्ष काढायला बसलात, तर खोड ईबी११०कडे जाते. एक गाडी आपल्या युगाचा कळस होती, दुसरी पुढच्या युगाचा पाया. कळस दुरून दिसतो, त्याला नमस्कार होतो. पाया जमिनीखाली असतो, म्हणून तो मुद्दाम उकरून पाहावा लागतो.

२६/
वाचकहो, पुढच्या वेळी कोणी दोन सरदार, दोन राजे किंवा दोन लढाया ट्रम्प कार्डांसारख्या समोर मांडल्या आणि ‘श्रेष्ठ कोण’ असे विचारले, तर आधी हे पाहा: दप्तर कोणाचे टिकले, आणि कोणाच्या कल्पना दुसऱ्याच्या नावाने पुढे चालत राहिल्या? आपापल्या अभ्यासातील असे एखादे विस्मृतीत गेलेले ‘ईबी११०’ आठवत असेल, तर खाली अवश्य लिहा. मी वाचणार आहे.